पॉवर बीआयमधले कॅल्क्युलेटेड कॉलम काढून मेजर कसे लिहावे

‘फाइल जड झाली? सगळे कॉलम उडवा, मेजर करा.’ पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अर्धवट आहे. कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणजे सूत्राने टेबलात भरलेला कॉलम, मेजर म्हणजे रिपोर्ट बघताना तिथल्या तिथे मोजलं जाणारं सूत्र. स्लायसरमध्ये (रिपोर्टवरच्या फिल्टरच्या चौकटीत) लागणारा, चार्टच्या अक्षावर बसणारा किंवा दोन टेबलं जोडणारा कॉलम हा कॉलमच राहतो. तिथे मेजर चालतच नाही. असे कॉलम आधी बाजूला काढा.

उरतात ते ज्यांची रिपोर्टमध्ये फक्त बेरीज किंवा टक्केवारी दिसते. ते काढायचे. असा कॉलम दर रिफ्रेशला ओळीओळीने मोजला जातो आणि मेमरीत जागा अडवतो. रकमेच्या कॉलममध्ये तर आकडे इतके वेगवेगळे असतात की तो फारसा आक्रसत नाही.

नवीन मेजर उघडा आणि ‘रक्कम’ कॉलमचं सूत्र, म्हणजे नग गुणिले दर, तिथे चिकटवा. एरर येईल.

इथेच बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो होतो. कॉलमच्या हातात एक ठरावीक ओळ असते, मेजरच्या हातात फिल्टरमधून उरलेल्या सगळ्या ओळी. त्यातला कोणता नग आणि कोणता दर, हे त्याला कळत नाही. मग घाईत दोन्हीकडे ‘सम’ (SUM, म्हणजे बेरीज) लावलं की एरर जातो, पण उत्तरही जातं. १० नग ५० रुपयांनी आणि २ नग ४०० रुपयांनी विकले तर विक्री १,३०० रुपये. नगांची बेरीज १२, दरांची ४५०, गुणाकार ५,४००! एकेका बिलापुढचा आकडा बरोबर दिसतो, फक्त एकूण चुकतं, म्हणून माझी चूक महिनाअखेरपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. बरोबर सूत्र हे:

SUMX('विक्री', 'विक्री'[नग] * 'विक्री'[दर])

‘सम-एक्स’ (SUMX) प्रत्येक ओळीवर जाऊन गुणाकार करतं, मग बेरीज. दर दुसऱ्या टेबलात असेल तर आत ‘रिलेटेड’ (RELATED) वापरा, ते जोडलेल्या टेबलातून दर आणतं. मात्र विक्रीच्या ओळींवर फिरणाऱ्या ‘सम-एक्स’च्या आत आधीचं मेजर घालू नका. टेबलात दोन ओळी तंतोतंत सारख्या असतील तर त्यांची रक्कम फुगते, शिवाय रिपोर्ट रेंगाळतो.

टक्केवारीचा कॉलम तर ठेवूच नका. १,००० च्या विक्रीवर ४०० नफा म्हणजे ४० टक्के, ९,००० वर ९०० म्हणजे १० टक्के. कॉलमची सरासरी २५ सांगते. खरा नफा १३ टक्के. एकूण नफ्याला एकूण विक्रीने ‘डिव्हाइड’ (DIVIDE) वापरून भागा. छेद शून्य आला तरी ते सांभाळून घेतं.

जुना कॉलम लगेच पुसू नका. मॅट्रिक्समध्ये (रिपोर्टवरच्या तक्त्यात) तो आणि मेजर शेजारी ठेवून महिन्यानुसार, वस्तूनुसार आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकूणच्या ओळीत ताडून पाहा. टक्केवारीचं मेजर मात्र कॉलमशी नव्हे, हाताने केलेल्या हिशोबाशी ताडा. मग इतर मेजर, सॉर्टिंग किंवा सिक्युरिटीचे नियम त्या कॉलमवर अवलंबून नाहीत ना, ते बघा आणि मगच डिलीट करा.