गाडीचं ब्रेक ऑइल घरी बदलायचं असेल तर

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना एका वळणावर माझ्या पायाखालचं ब्रेक पेडल नेहमीपेक्षा बरंच खोल गेलं. मऊ लागलं, ओल्या कापडावर पाय द्यावा तसं. दुसऱ्या गिअरवर गाडी रोखत कशीबशी मोकळ्या जागी आणली आणि ब्रेक गार होईपर्यंत थांबलो. घरी येऊन बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी उघडली, तर आतलं ऑइल काळ्या चहासारखं झालेलं. चार वर्षं मी नुसतं टॉप-अप करत आलो होतो. टॉप-अप म्हणजे बदलणं नव्हे, हे तेव्हा कळलं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. घाटात सतत ब्रेक दाबून चाकं तापली की हे पाणी मुरलेलं ऑइल उकळतं आणि नळीत वाफ धरते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं; तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे घरी करू नका, तिची ब्रेकची रचना वेगळी असते. साध्या गाडीतही आधी कधी कुणाच्या हाताखाली हे काम पाहिलं नसेल, तर पहिल्यांदा जाणकार माणूस शेजारी असू द्या.

सामान फार लागत नाही. डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रतीचं, सील न फोडलेलं एक लिटर ऑइल घ्या. मागच्या वर्षीची अर्धी बाटली वापरू नका, तिने हवेतलं पाणी पिऊन झालेलं असतं. निपलच्या, म्हणजे प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर ऑइल काढण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूच्या मापाचा रिंग पाना (बहुतेक ८ किंवा १० नंबर), पारदर्शक रबरी नळी, एक बाटली, मोठी सिरिंज, हातमोजे, चष्मा आणि बादलीभर पाणी. पाणी अशासाठी की हे ऑइल रंग खातं. पत्र्यावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. आणि पेडल दाबायला एक माणूस हवा.

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. मागचं चाक उचलताना हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्याच चाकांना लागतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचलली की लगेच खाली स्टँड द्या, मगच चाक काढा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आता डबीभोवती फडकं गुंडाळा, सिरिंजने वरवरचं जुनं ऑइल काढा आणि नवं वरच्या खुणेपर्यंत भरा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करतात, मग उजवं मागचं, डावं पुढचं आणि शेवटी उजवं पुढचं. पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच धरा.

निपल घासून साफ करा, आधी पाना बसवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं असू द्या. इंजिन बंदच. पुढचं काम बोलून करायचं. माझा धाकटा भाऊ आत बसतो.

“दाब.”
“दाबलंय, दादा.”

मी पाना पाव आटा फिरवतो, नळीतून तपकिरी धार येते आणि त्याचा पाय खाली जातो. तो “खाली गेलं” म्हणतो, मी निपल बंद करतो आणि मगच “सोड” म्हणतो. निपल उघडं असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते, म्हणून शब्द न ऐकता पाय हलवायचा नाही, हे त्याला आधीच बजावलेलं असतं. जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेऊ नये, मास्टर सिलिंडरची (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या भागाची) रबरं फाटतात. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. हळूहळू धार फिकट होते, बुडबुडे थांबतात. स्वच्छ रंगाची धार सलग आली की ते चाक झालं. निपल घट्ट करा, पण अंगाची ताकद लावून नव्हे, तो बारीक असतो, तुटतो.

दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. ती रिकामी होऊ देणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे. एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

चारही चाकं झाली की डबी वरच्या खुणेपर्यंत भरा, झाकण आणि निपलच्या रबरी टोप्या लावा, चाकं बसवा, गाडी खाली घेऊन नट समोरासमोरचे करत आवळा. गाडी न्यूट्रलला घेऊन इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली येईल, ते बूस्टरमुळे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागामुळे. पण त्यानंतर मिनिटभर जोराने दाबून धरलं तर ते हळूहळू खचता कामा नये. मऊ लागलं किंवा खचलं, तर निपलमधून पुन्हा तशीच हवा काढा. तरीही तसंच राहिलं तर गाडी जागेवरून हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. सगळं ठीक वाटलं तर रिकाम्या गल्लीत चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून बघा आणि परत येऊन चारही निपल कोरडे आहेत ना ते हात लावून पाहा.

जुनं ऑइल विषारी असतं. ते शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात लहान मुलं असतात. गटारात ओतू नका. झाकणबंद डब्यावर नाव लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देऊन टाका. डबीच्या शेजारी आजची तारीख लिहिलेली पट्टी मी चिकटवतो.