दहावीच्या ऑनलाइन नोट्स मोबाइलसाठी नव्याने कशा करायच्या

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घाईघाईत केलेल्या पीडीएफ आणि रेकॉर्ड केलेली तास-तासभराची लेक्चरं अजून कितीतरी शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी जशीच्या तशी फिरतायत, आणि मुलं ती उघडतसुद्धा नाहीत. सगळा अभ्यासक्रम एकदम हातात घेऊ नका, एकच धडा घ्या आणि तो नीट तडीस न्या. मी दहावी विज्ञान भाग १ मधला भिंगांचा धडा धरून सांगतेय, विषय तुमचा कुठलाही असू दे.

आधी ती फाइल लॅपटॉपवर नाही, मोबाइलवर उघडा. ए-४ पानाची रुंदी २१ सेंटीमीटर आणि मोबाइलचा स्क्रीन जेमतेम ७, म्हणजे तुम्ही १२ पॉइंटमध्ये टाइप केलेलं अक्षर मुलाला ४ पॉइंटएवढं दिसतं, मग बोटांनी मोठं करा, उजवीकडे सरकवा, परत डावीकडे आणा, आणि हे प्रत्येक ओळीला. कोण वाचेल हो असं? गूगल स्लाइड्समध्ये पेज सेटअपला जाऊन कस्टम साइझ ९ बाय १६ सेंटीमीटर टाका, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, एका पानावर एकच मुद्दा. किरणाकृतीला तर पूर्ण पान द्या, तिच्या शेजारी मजकूर कोंबू नका.

जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणाव्याच लागतील, कारण कॉपी करून मेसेजमध्ये टाकलं की नुसता अक्षरांचा कचरा दिसतो, सर्च चालत नाही आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याच्या फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, ते वाचू शकत नाही. कन्व्हर्टर वापरा पण नंतर रफार आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, तिथे हमखास घोळ होतो. पुस्तकातला मजकूर मात्र परत टाइप करत बसू नका, बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते.

आता खरं काम. बहुतेक नोट्स मुलाला फक्त वाचायला लावतात, करायला काहीच नसतं. दर दोन-तीन पानांनंतर एक प्रश्न हवा, आणि गूगल फॉर्ममध्ये क्विझ मोड चालू करून प्रत्येक प्रश्नाला उत्तर बरोबर आणि चूक अशा दोन्हीचा फीडबॅक लिहा. उदाहरणार्थ, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, प्रतिमा कुठे? बरोबर उत्तर ३० सेंमी. पण वस्तूच्या अंतराला ऋण चिन्ह द्यायला विसरलं की उत्तर येतं ६, म्हणून पर्यायांत ६ असलाच पाहिजे. चुकीच्या उत्तराच्या फीडबॅकमध्ये लिहा, ‘६ आलं का? वस्तू भिंगाच्या डावीकडे आहे ना, मग तिच्या अंतराचं चिन्ह काय घेतलंस?’ नुसतं ‘चूक’ लिहून मुलाला काय कळणार! चुकीचे पर्याय मनाने रचू नका, मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा, मुलं नेमकी कुठे घसरतात ते तिथेच सापडतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ ह्यावरच घालवावा, रंग आणि डिझाइन राहू दे बाजूला.

व्हिडिओचं म्हणाल तर तासाभराच्या लेक्चरमधली हजेरी, ‘आवाज येतोय का’, तेच तेच परत सांगणं काढलं की कामाचं थोडंच उरतं. एडएक्स ह्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसचा २०१४ मध्ये अभ्यास झाला तेव्हाही सहा मिनिटांच्या आतल्या व्हिडिओंनाच प्रेक्षक टिकतात असं दिसलं होतं. ते कॉलेजच्या वयाचे आणि मोठे लोक होते, दहावीच्या मुलांकडून जास्त अपेक्षा नको. एक आकृती, एक व्हिडिओ. ४८०पी पुरे, घरात एकच फोन आणि रोजचा मोजका डेटा असतो, पण आवाज स्वच्छ हवा.

फाइलचं नाव ‘फायनल नवीन २’ असं नको. ‘दहावी विज्ञान १ भिंगे ०३ चिन्ह संकेत’ असं ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत उजळणीच्या वेळी मुलीला सर्च करून सापडेल.

आणि ग्रुपवर टाकायच्या आधी दोन मुलांना, त्यातलं एक अभ्यासात मागे असलेलं, शेजारी बसवून त्यांच्याच फोनवर उघडायला सांगा. तुम्ही काही समजावू नका, फक्त बोट कुठे अडतं ते बघा आणि ते पान बदला.