आपल्या आडनावाचं मूळ कसं शोधावं

आडनावाचा अर्थ विचारला की घरात दोन-चार गोष्टी हमखास निघतात. पूर्वज कुणा राजाच्या पदरी होते, कुणी वाघाशी झुंज दिली, कुणी लढाईत निशाण राखलं. या गोष्टी लिहून जरूर ठेवाव्यात, पण शोधाची सुरुवात तिथून करू नये. आडनावाचा अर्थ नुसत्या कानाने लावायला गेलं की माणूस फसतो. आधी नावाचं जुन्यात जुनं रूप आणि घराण्याचं मूळ गाव हाती घ्यायचं, अर्थाचं नंतर बघायचं. मराठी आडनावांच्या बाबतीत तर हा क्रम फारच महत्त्वाचा, कारण आपली बरीचशी आडनावं घराण्याने स्वतः निवडलेली नाहीत. ती लोकांनी दिली, कारकुनांनी लिहिली आणि मग चिकटली.

घरापासून सुरुवात

वही घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना गाठा. आत्या आणि आजी यांना मुद्दाम विचारा. सासरी गेलेल्या बायकांना माहेरची नाती आणि गावं अनेकदा पुरुषांपेक्षा चोख आठवतात. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, देवक किंवा गोत्र काय, भाऊबंद कुठे आहेत, आणि पूर्वी दुसरं काही आडनाव लावत होते का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारायचं विसरतात.

आजोबा-पणजोबांची पाळण्यातली नावंही उतरवून घ्या. खंडू, मल्हारी, म्हाळसा ही नावं खंडोबाकडे बोट दाखवतात; जोतिबा, जोतिराम कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगराकडे; मंगेश गोव्यातल्या मंगेशीकडे. धोंडू, दगडू, भिकाजी, केरबा अशी नावं दिसली तर त्या पिढीत आधीची मुलं दगावली असण्याची शक्यता धरा. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम अशी क्षुल्लक नावं ठेवत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्याने एकच नाव एकाआड एक पिढीत फिरतं. वंशावळ मांडताना त्याने आधार मिळतो, पण दोन रामजी एकच समजले तर दोन पिढ्या गळतात.

आडनाव कोणत्या जातकुळीचं आहे ते बघा

'-कर' असेल तर बहुधा गाव. नीरेकाठच्या होळ गावचे ते होळकर. मात्र माणूस गावातच राहत असेल तर त्याला कुणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. ते नाव गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी पडतं. म्हणून '-कर' आडनाव घराणं कुठून निघालं ते सांगतं, आणि त्या गावात शोध घेताना जुन्या कागदांत तुमचं आजचं आडनाव मिळेलच असं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या गावावरून आंबडवेकर, आणि त्याचं पुढे आंबेडकर. आता बघा, आंबेड नावाचं गावही त्याच जिल्ह्यात आहे, पण संगमेश्वर तालुक्यात. घराण्याची माहिती बाजूला ठेवून केवळ आडनावाच्या उच्चारावरून निघालेला शोधक सरळ भलत्याच गावी पोचला असता. वडगाव, पिंपळगाव अशी नावं तर जागोजागी आहेत. तालुका आणि कुलदैवत जुळल्याशिवाय गाव पक्कं धरू नका. 'गावकर' मात्र वेगळा, तो कोकण-गोव्यात गावकीतला मान आहे. कोल्हापुरे, नागपुरे यांच्यात 'कर' नसूनही गाव आहे. चंद्रपूर, गडचिरोली, नांदेडकडच्या '-वार' आडनावांमागे तेलुगूचा शेजार आहे.

दुसरी मोठी जात हुद्द्यांची. पाटील, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार. 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. त्याचा 'नीस' होऊन चिटणीस, पोतनीस, कारखानीस झाले. कुलकर्णी म्हणजे गावचा जमाखर्च लिहिणारा वतनदार. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं. हुद्द्याच्या आडनावाबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: गावोगाव एक पाटील आणि एक कुलकर्णी होता, तेव्हा सारखं आडनाव म्हणजे एक रक्त नव्हे. अशा घराण्यांत हुद्द्याच्या मागे जुनं उपनाव दडलेलं असतं, आणि खरा शोध त्याचाच घ्यायचा. पेशव्यांचं आडनाव भट होतं हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण.

तिसरी जात टोपणनावांची: काळे, गोरे, वाघमारे, कोल्हे, मुळे, भोपळे, सहस्रबुद्धे. इथे अर्थ उघड दिसतो, आणि म्हणूनच इथे सर्वात जपून राहावं. मुळ्याची भाजी आणि मूळ गाव, दोन्ही 'मुळे'कडे ओढता येतात. पुरावा नसेल तर 'अर्थ उघड, कारण अज्ञात' एवढंच लिहा. अशा आडनावावरून कुणाची चेष्टा होत असेल तर तीही थांबवा; नाव पडलं तेव्हा त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

कागद मागे मागे न्या

शाळा सोडल्याचा दाखला, शाळेचं जनरल रजिस्टर, सातबारा आणि फेरफार यांवरून पणजोबांपर्यंत सहज जाता येतं. त्यापुढे गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक: गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा. अर्जात गाव, अंदाजे सालं आणि पूर्वजाचं नाव द्या, नुसतं आडनाव देऊ नका.

जुने कागद मोडी लिपीत असतात. वाचून देणारे जाणकार मिळतात, पण काही खुणा स्वतःला माहीत असाव्यात. 'रामजी बिन संताजी पाटील मौजे वडगाव' अशी ओळ असेल तर 'बिन' म्हणजे मुलगा, 'मौजे' म्हणजे गाव. बाईच्या नावापुढे 'कोम' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. बऱ्याच नोंदींत आडनावच नसतं. म्हणून आडनाव शोधत न बसता बाप-लेकांच्या जोड्या जुळवा. साखळी सापडली की कोणत्या पिढीत आडनाव पहिल्यांदा उमटलं ते आपोआप दिसतं. पुण्याचं अभिलेखागार आणि १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही ठिकाणं यानंतरची, विशेषतः घराण्यात वतन किंवा इनाम असेल तर.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या मात्र चुकवू नका. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते सांगतात, आणि वही निघाली तर यात्रेला आलेल्या पूर्वजाची नोंद, त्याच्या भावांची, मुलांची नावं आणि कधी त्याची सहीसुद्धा समोर येते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक अशाच वंशावळी राखतात. परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढा आणि साल नोंदवा.

मग अर्थ

आता शब्दकोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यांत आज बोलण्यातून गेलेले हुद्दे, मापं, हत्यारं, झाडं सापडतात. आजच्या आडनावाचा नव्हे, सापडलेल्या जुन्या रूपाचा शब्द शोधा. उच्चार बदलताना काही वाटा ठरलेल्या असतात. यात्रा-जत्रा, योगी-जोगी, यव-जव या जोड्या पाहिल्या की यादव-जाधव पटतं. तुमची व्युत्पत्ती अशा दोन-तीन जोड्यांवर टिकत नसेल तर ती सोडून द्या. आणि टिकली, तरी ती शब्दाचं नातं सांगते. आजचं एखादं जाधव घराणं देवगिरीच्या यादवांचं वंशज आहे की नाही, ते वंशावळीच्या कागदानेच ठरतं.

जे हाती लागेल त्याच्या तीन याद्या करा: कागदावर सापडलेलं, कागदांवरून ताडलेलं, आणि घरात सांगितलं जाणारं. प्रत्येक ओळीपुढे कुठे, कुणाकडे आणि कधी मिळालं ते लिहा, आणि प्रती भाऊबंदांच्या दुसऱ्या घरात द्या. तिकडच्या ट्रंकेत तुमच्याकडे नसलेला एखादा फेरफार किंवा खरेदीखत असण्याची शक्यता चांगली असते.