थ्रीडी कल्चर सुरू करताय? पहिला महिना नुसते गोळे करा

पुण्यात पीएचडीला लागले तेव्हा सेल कल्चर म्हणजे फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी, त्यांना सोडवणारं ट्रिप्सिन, पॅसेज म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये वाटणी, एवढंच माहीत होतं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध टाकलं की दोन-तीन दिवसांत पेशी सुटून मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगायच्या, ग्राफ छान यायचा. मग त्याच पेशींचे स्फेरॉइड, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटून होणारे गोळे केले, हेच थ्रीडी कल्चर, तोच डोस दिला, आणि गोळा जागच्या जागी! मला वाटलं ड्रग खराब झालं, नवीन बनवून परत केलं, तेच. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लालसर चमकतं ना, म्हणून गोळ्याचे सेक्शन काढून मायक्रोस्कोपखाली धरले तर कडेला लाल कडं आणि मधे सगळा अंधार. तो फोटो अजून माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. ट्यूमरमध्येही असंच असतं, बाहेरच्या पेशी खाऊनपिऊन वाढत असतात, आतल्यांपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो, त्या सुस्त पडतात, आणि गोळा साधारण ५०० मायक्रॉनच्या पुढे गेला की मधोमध मेलेल्या पेशींचा गाभा होतो. सपाट प्लास्टिकवर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

म्हणून नव्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं, ड्रगची घाई करू नका. ९६ वेलची, म्हणजे खळग्यांची, गोल तळाची, पेशी न चिकटणारी प्लेट घ्या, वेलला हजार पेशींपासून सुरुवात करा, हलकं सेंट्रिफ्यूज करा आणि तीन-चार दिवस प्लेटला उगाच हात लावू नका. साइज सारखी आली नाही तर पुढचा सगळा डेटा फुकट, कारण लहान गोळ्यात ड्रग आतपर्यंत पोचतं आणि मोठ्यात नाही, मग तुम्ही नक्की काय मोजलंत? कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे पेशी न घालता नुसतं पीबीएस, म्हणजे मिठाचं बफर द्रावण, भरा. एमसीएफ-७ चा गोळा घट्ट होतो, एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्याच कॅन्सरच्या दुसऱ्या पेशींचा मात्र द्राक्षाच्या घडासारखा सैल राहतो, त्यात तुमची चूक नाही, त्या पेशींचा स्वभावच तो. आणि कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूची टेस्ट आधी करा, प्लीज.

पेशी ज्या जेलमध्ये थ्रीडीत वाढवतात त्या मॅट्रिजेलचं गणित तुपाच्या उलटं आहे. तूप थंडीत थिजतं, हे उबेत थिजतं. रात्रभर फ्रिजमध्ये बर्फावर वितळवायचं, पिपेटच्या टिपासुद्धा गार करून ठेवायच्या. माझी पहिली व्हायल (बाटली) हुडमध्येच, म्हणजे कामाच्या निर्जंतुक कपाटातच, वाया गेली, टिपा गार केल्या नव्हत्या, अर्धं जेल टिपेत अडकलं, आणि ते किती महाग असतं ते ऑर्डर टाकणाऱ्यालाच विचारा, त्या दिवशी मी रडले होते. आता छोटे अ‍ॅलिकॉट, म्हणजे एका वेळेपुरते भाग, करून ठेवते, एकदा वितळवलेलं परत गोठवत नाही.

मीडिया बदलताना २०० मायक्रोलिटरमधलं १०० च काढा, टिप भिंतीला टेकवून, वरच्या वर, नाहीतर गोळाच ओढला जातो.

किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी टेस्टवर इथे फार विसंबू नका, डाय घट्ट गोळ्यात नीट शिरत नाही, आतल्या पेशी जिवंत असूनही मेल्यासारखं रीडिंग येऊ शकतं. पेशी फोडून एटीपी, म्हणजे जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू, मोजणारी किट बरी, पण त्यातही गोळा पूर्ण फुटला का ते मायक्रोस्कोपखाली बघा, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धे गोळे तसेच शाबूत होते, शेकरवर अजून वेळ ठेवल्यावर फुटले.

वाचायला सुरुवात कराल तर स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ मिना बिसेल यांच्या ग्रुपचं १९९७ चं काम आधी वाचा, बीटा-१ इंटिग्रिन, म्हणजे पेशीला भोवतालच्या जाळीशी जोडणारं प्रोटीन, अडवल्यावर थ्रीडीतल्या कॅन्सरच्या पेशी परत शिस्तीत रचल्या गेल्या, सपाट कल्चरमध्ये तसं झालं नाही. मी ते वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला प्लेट लावली.