ब्रेक बूस्टर बदलताय? थांबा, आधी या चुका टाळा (जुनी डब्ल्यू123 डिझेल)

पेडल कडक झालं की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, बूस्टर गेला." (बूस्टर म्हणजे व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या जोरावर ब्रेक पेडलला मदत करणारा गोल डबा.) गाडी डब्ल्यू123 मर्सिडीज असेल, म्हणजे 1976 पासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आलेली ती चौकोनी तब्येतीची गाडी, आणि त्यातही 200डी किंवा 240डी, तर लगेच मान डोलवू नका. या गाडीत बूस्टर व्हॅक्यूमच्या लाईनच्या शेवटच्या टोकाला बसलाय आणि लीक खूपदा त्याच्या अलीकडेच कुठेतरी असतो.

पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या नळीत, आयता व्हॅक्यूम मिळतो, डिझेलला मात्र इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आता गंमत बघा, हाच पंप बूस्टर चालवतो, चावी फिरवल्यावर इंजिन बंद करतो आणि सेंट्रल लॉक असेल तर दरवाजेही हाच लॉक करतो. म्हणून पेडल कडक झाल्यावर पहिला प्रश्न ब्रेकचा नाहीच. चावी काढल्यावर इंजिन पटकन बंद होतं का, की काही सेकंद गुरगुरत राहतं? दरवाजे नीट लॉक होतात का? यात गडबड असेल तर बूस्टरला हात लावू नका, आधी बारीक व्हॅक्यूम पाईप आणि त्यांचे रबरी जोड बघा, चाळीस वर्षांत ते कडक होऊन चिरतातच. पंपाकडून बूस्टरकडे जाणाऱ्या जाड पाईपवरून फुटणाऱ्या बारीक लाईन्स एकेक करून बंद करायच्या आणि प्रत्येक वेळी पेडल तपासायचं, काम फुकटात होतं.

दुसरी चूक म्हणजे पेडल मऊ आहे, खाली खाली जातंय, आणि तरी बूस्टरवर संशय. बूस्टर मेला की पेडल कडक होतं. पेडल स्पंजसारखं लागलं तर लाईनमध्ये एअर आहे, आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरचे (बूस्टरच्या पुढे बसलेला, ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) सील गेलेत किंवा कुठेतरी ब्रेक ऑईल गळतंय. बूस्टरमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, 9 इंची धरला तर 20 इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूमला तो साधारण 280 किलोचा जोर लावतो, तो जोर अचानक गायब झाला की पायाला लगेच कळतं. ब्रेक लागतात, पण पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं.

टेस्ट सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्ट करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि दाबा. पहिले एक-दोन दाब हलके लागले तर व्हॅक्यूम टिकतोय. पहिलाच दाब कडक लागला तर जाड पाईपवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) काढून फुंकून बघा, हवा बूस्टरकडून पंपाकडे गेली पाहिजे, उलट नाही. (हा उलटा बसवलेल्या गाड्याही सापडतात!) आणि तो जाड पाईप बदलताना डिझेलचा साधा पाईप घालू नका, व्हॅक्यूमने तो आतून चपटा होतो आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

पंपातून खडखड येत असेल तर मात्र गाडी चालवायचीच नाही. त्यातली बेअरिंग फुटली की गोळ्या थेट टायमिंग चेनच्या बाजूला पडतात, आणि मग ब्रेक राहिले बाजूला, अख्खं इंजिन उघडावं लागतं. भंगारातला स्वस्त पंप घालताना हे लक्षात असू द्या.

आता समजा बूस्टर खरंच गेलाय, पेडल दाबून धरलं की पायापाशी सतत सूंsss आवाज येतोय. तरी विचारा, का गेला? मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळून ब्रेक ऑईल बूस्टरमध्ये उतरलं की रबराचं आणि पत्र्याचं दोन्हीचं वाटोळं होतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, नुसती ब्रेक ऑईलच्या टाकीतली लेव्हल कमी होत राहते. पेट्रोल गाडीत ते तेल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डिझेलमध्ये ही खूण मिळत नाही. म्हणून मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो पुढे ओढा आणि मागे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडरही गेला, दोन्ही एकदमच बदला, नाहीतर नवा बूस्टरही त्याच वाटेने जाईल. दोघांच्या मध्ये एक रबरी ओ रिंग असते, किरकोळ किमतीची, ती जुनीच ठेवली की व्हॅक्यूम तिथून गळतो आणि दोष नव्या बूस्टरवर येतो.

बूस्टरचे नट आतून, पेडलच्या वर असतात. सीट मागे सरकवून डॅशखाली डोकं घालायचं, मान दुखणारच. पाईपचे नट साध्या पान्याने गोल करू नका, फ्लेअर नट पाना वापरा. आणि बूस्टर घरी उघडायचा उद्योग नको, आत जबरदस्त स्प्रिंग असते, तोंडावर उडते. शू बदलत असाल तर एअर मारून धूळ उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

ऑईल डॉट 4 च. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते जुन्यात मिसळायचं नाही, 5.1 वेगळं, ते चालतं. आणि ऑईल बोनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट पुशरॉडची, म्हणजे बूस्टरमधून मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीची. मास्टर सिलिंडर दुसऱ्या कंपनीचा बसवला आणि रॉड थोडा जरी लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑईल टाकीत परत जायची वाट बंद राहते आणि ब्रेक तापत तापत स्वतःच लागायला लागतात. आखूड पडला तर पेडल नुसतं पोकळ फिरतं. म्हणून लाईनमधली एअर काढून झाली की मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर फिरवा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, तापलेल्या डिस्कला हात लावू नका. पुढची चाकं जास्त तापणार हे ठीकच, पण गाडी ढकलून पुढे जाईना इतकी जाम असेल तर उतारावर नाही, सपाट जागी, चाकांना दगड लावून, मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन-तीन आटे सैल करा. ब्रेक सुटले तर रॉड लांब आहे, सुटले नाहीत तर लाईन किंवा कॅलिपर बघा.