जुना पियानो दुरुस्तीला काढण्याआधी

पाचगणी-साताऱ्याकडच्या बंगल्यातला जुना अपराईट (उभ्या तारांचा) पियानो दाखवायला पुण्या-मुंबईहून कारागीर बोलवावा, तर नुसतं बघून जाण्याच्या खेपेचाच खर्च अंगावर बसतो. ती खेप वाचवता येते.

१. वरचं झाकण उघडा. पायाजवळची फळी बहुतेक पियानोंत वरच्या कडेची स्प्रिंग दाबली की सुटते.

२. सगळ्या पट्ट्या एकेक दाबून मुकी कोणती, अडकणारी कोणती ते लिहा. आमच्या ९ पट्ट्या वरच येत नव्हत्या. काळजात धस्स झालं होतं, पण पावसाळ्यात लाकूड फुगलेलं, एवढंच. दिवाळीनंतर सात आपोआप सुटल्या. म्हणून ही तपासणी कोरड्या दिवसांत करा.

३. फोनवरच्या ट्यूनर ॲपवर मधला ए (A) हा सूर ४४० हर्ट्झच्या किती खाली आहे, ते टिपा.

४. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं लोकरी फेल्ट (कसर लागते), तारांचा गंज, तारा ताणणाऱ्या खुंट्या आणि लोखंडी फ्रेम यांचे जवळून फोटो काढून पाठवा, मग अंदाज मागा. फ्रेमला तडा दिसला तर खर्चच करू नका. तारांचा मिळून १५ ते २० टन ताण ती पेलते.

खुंट्यांना तेल किंवा स्प्रे अजिबात लावू नका. त्या लाकडात नुसत्या घट्टपणावर उभ्या असतात. तेल मुरलं की सूर टिकत नाही, आणि तो लाकडी ठोकळा बदलणं फार महाग पडतं.