गाजराचे पाणी सांभाळा : मंडईपासून कढईपर्यंत या चुका टाळा

गाजराच्या वजनात सुमारे ८८ टक्के पाणी असते, आणि घरात गाजराच्या बाबतीत जे काही बिघडते त्याचे मूळ बहुतेक वेळा या पाण्यातच असते. फ्रिजमध्ये ते नको तेव्हा निघून जाते, तर कोशिंबिरीत आणि हलव्यात नको तेव्हा सुटते.

पहिली चूक मंडईत होते. थंडीत लाल गाजरांचे ढीग लागले की किसायला सोपी म्हणून सर्वांत जाड गाजरे उचलली जातात. प्रत्यक्षात अशा जून गाजरांचा मधला फिकट गाभा रुंद आणि कडक निघतो आणि निम्मे गाजर वाया जाते. मध्यम जाडीचे, टणक, अंगावर केसांसारखी मुळे नसलेले गाजर घ्यावे. ताजे गाजर वाकत नाही, कटकन मोडते, मात्र हा प्रयोग भाजीवाल्यासमोर करू नये. देठाजवळ हिरवट झालेला भाग मातीबाहेर उघडा राहून उन्हात वाढलेला असतो व कडवट लागतो. तेवढाच कापून टाकला की बाकीचे गाजर वापरता येते. लाल गाजराचा रंग टोमॅटोप्रमाणेच लायकोपीनमुळे येतो, तर शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते ते बीटा-कॅरोटीन केशरी गाजराला रंग देते. त्यामुळे गाजर जितके लाल तितके डोळ्यांना चांगले, हा समज बरोबर नाही.

साठवताना सर्वाधिक नुकसान पाल्यामुळे होते. हिरव्यागार पाल्यासकट जुडी फ्रिजमध्ये ठेवली तर पाला गाजरातले पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर लुळे पडते, म्हणून घरी आल्याबरोबर पाला कापून वेगळा करावा. गाजरे धुऊन ओलीच पिशवीत बांधून ठेवणे ही दुसरी चूक, कारण साचलेल्या ओलाव्याने ती बुळबुळीत होऊन कुजतात. माती फक्त झटकावी, गाजरे कोरड्या सुती कापडात गुंडाळून सैल पिशवीत घालावीत आणि भाजीच्या कप्प्यात ठेवावीत. त्याच कप्प्यात सफरचंदे किंवा पिकलेली केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजर कडू होते, आणि मग दोष मात्र भाजीवाल्याला दिला जातो. सोललेल्या गाजरावर दिसणारी पांढुरकी छटा बुरशी नसून पृष्ठभाग सुकल्याची खूण असते. लुळे गाजर टोके कापून तासभर थंड पाण्यात बुडवून ठेवले तर पुन्हा टणक होते. बुळबुळीत झालेले किंवा वास येणारे गाजर मात्र सरळ टाकून द्यावे.

हलव्यात घाई नडते. कीस पुरता शिजण्याआधी साखर घातली की तिला पाणी सुटते, ते आटवण्यात वेळ जातो आणि साखरेच्या पाकात कीस मऊ होण्याऐवजी चिवट होतो. १ किलो लाल गाजरे गाभा वगळून जाड किसणीने किसावीत (बारीक किसणीने लगदा होतो), तुपावर परतून त्यांचा कच्चा वास घालवावा, मग दूध घालून जाड बुडाच्या उघड्या कढईत कीस पूर्ण शिजेपर्यंत आटवावे आणि शेवटी २०० ते २५० ग्रॅम साखर घालावी. कुकरमध्ये शिट्ट्या काढून वेळ वाचतो हे खरे, परंतु त्यात सुटलेले पाणी नंतर आटवावेच लागते. साखर आधीच पडली असेल आणि कीस चिवट लागत असेल, तर थोडे गरम दूध घालून मंद आचेवर झाकण ठेवावे. त्याने हलवा खाण्याजोगा होतो, उत्तम होत नाही.

भाजीचे सूत्र सोपे आहे : सारख्या आकाराच्या फोडी करून थोड्याच पाण्यात वाफवाव्यात. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यास त्यासोबत गोडवाही जातो.

कोशिंबिरीत मीठ आधी घालून वाडगा तासभर झाकून ठेवला, तर जेवताना तळाशी पाणीच उरते. मीठ आणि दही वाढण्याच्या वेळी घालावे, आणि तूप-जिरे-हिंगाची फोडणी टाळू नये, कारण बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत अधिक चांगले शोषले जाते. इतके करूनही पाणी सुटलेच, तर ते पिळून टाकण्यापेक्षा मूठभर दाण्याचे कूट मिसळावे, म्हणजे पाणीही आळते आणि चवही राहते.